रांग ऑगस्टची, लस मेची

पुण्यात ३ ऑगस्ट २००९ रोजी स्वाइन फ्लूने एका शाळकरी मुलीचा बळी घेतला. या आजाराचा देशातला तो पहिला मृत्यू. त्यानंतरच्या पंधरवड्यात या शहराने जे पाहिले ते पुढे करोना येईपर्यंत कोणी पाहिले नव्हते. नायडू रुग्णालयाबाहेर तपासणीसाठी रांगा, शाळा-महाविद्यालयांना सुट्टी, चित्रपटगृहांना टाळे, दहीहंड्या रद्द. औषधांच्या दुकानांतून एन-९५ मास्क गायब झाले आणि जिथे मिळत होते तिथे भाव दुकानदाराच्या मर्जीवर. ज्यांना ते परवडले नाहीत त्यांनी तोंडाला रुमाल बांधले आणि रुमालात कापूर-वेलचीची पुरचुंडी ठेवली. त्या दिवसांत रस्त्यावरच्या कोणालाही थांबवून ‘लस घेणार का’ असे विचारले असते, तर त्याने किंमत न विचारता दंड पुढे केला असता. पण लस नव्हती.

ती आली २०१०च्या जून-जुलैत. आधी झायडस कॅडिलाची टोचायची, पाठोपाठ पुण्याच्याच सीरम इन्स्टिट्यूटची नाकात फवारायची, तीही दीडशे रुपयांच्या आसपास. तोवर मास्क कपाटात गेले होते. लसीसाठी तशी रांग काही लागली नाही. आता दोन आकडे शेजारी ठेवून पाहावेत. २००९ साली देशात या आजाराने झालेले नोंदीव मृत्यू ९८१. २०१० साली १,७६३. ज्या वर्षी गावेच्या गावे धास्तावली होती त्या वर्षाच्या जवळपास दुप्पट माणसे पुढच्या निवांत वर्षात गेली, आणि त्यातले निम्मे वर्ष लस बाजारात होती.

हा इतिहास उगाळण्याचे कारण असे की, आपण त्यातून काहीच शिकलेलो नाही. फ्लूची लस घ्यावी की नाही, हा प्रश्न महाराष्ट्रात दरवर्षी विचारला जातो, पण चुकीच्या महिन्यात. ऑगस्टमध्ये एखाद्या ओळखीच्या घरातला धडधाकट माणूस न्यूमोनियाने व्हेंटिलेटरवर जातो, मग सोसायटीच्या ग्रुपवर चर्चा सुरू होते, मग डॉक्टरांना फोन जातात. लस टोचल्यावर शरीरात प्रतिकारशक्ती तयार व्हायला साधारण दोन आठवडे लागतात. आपल्याकडे फ्लूचा मोठा जोर पावसाळ्यात, जुलै ते सप्टेंबर. दुसरा जानेवारी ते मार्चच्या सुमारास. म्हणजे ऑगस्टमध्ये दवाखान्याची पायरी चढणारा माणूस साथीच्या ऐन भरात, संरक्षण नसलेल्या अवस्थेत आणखी दोन आठवडे फिरणार. तहान लागल्यावर विहीर खणणे म्हणतात ते हेच. निर्णय घ्यायचा तो मेमध्ये, फार तर जूनच्या पहिल्या आठवड्यात. म्हणजे आत्ता.

‘पण आता कुठे आहे स्वाइन फ्लू?’ असे विचारणाऱ्यांनी लक्षात घ्यावे की तो कुठेही गेलेला नाही. २००९चा एच१एन१ विषाणू आपल्याकडे मुक्कामालाच राहिला, आणि आज आपण ज्याला साधा फ्लू म्हणतो त्यात तो असतो. २०१५ साली त्याने देशात २,९९० बळी घेतले. त्यातले नऊशेच्या वर महाराष्ट्रातले. २०१७ साली २,२७०; त्यातले पावणेआठशेच्या वर महाराष्ट्रातले. म्हणजे देशातल्या दर तीन मृत्यूंतला एक या राज्यात. आमच्याकडे तपासण्या अधिक होतात म्हणून नोंदी अधिक दिसतात, हा खुलासा आरोग्य खाते नेहमी देते आणि त्यात तथ्यही आहे. पण नोंद अधिक काटेकोर असली म्हणून मेलेले माणूस कमी मेलेले ठरत नाही. शिवाय हे फक्त तपासणी झालेल्यांचे आकडे. न्यूमोनिया, हृदयविकार, मधुमेहाची गुंतागुंत अशा नावांनी गेलेल्यांच्या मागे फ्लू होता का, हे कोणी पाहिले?

त्यात हा विषाणू स्वस्थ बसत नाही. त्याच्या अंगावरची प्रथिने सतत थोडीथोडी बदलतात, म्हणून गेल्या वर्षीची लस यंदा पुरत नाही. जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा, फेब्रुवारीत उत्तर गोलार्धासाठी आणि सप्टेंबरमध्ये दक्षिण गोलार्धासाठी, लसीत कोणते विषाणू असावेत ते ठरवते. मग कोंबडीच्या अंड्यांत विषाणू वाढवून लस तयार व्हायला सहा महिने लागतात, आणि तेवढ्या काळात विषाणू पुढे सरकतो. २०२५मध्ये नेमके हेच झाले. एच३एन२चा ‘के’ नावाचा नवा उपप्रकार लसीची निवड होऊन गेल्यावर जोर धरू लागला. जपानने ३ ऑक्टोबरलाच साथ जाहीर केली, म्हणजे नेहमीपेक्षा कितीतरी आधी. ब्रिटनमध्ये हंगाम महिनाभर अलीकडे आला.

‘प्रकारच नवा, मग जुन्या लसीचा उपयोग काय?’ हा प्रश्न तेव्हा सगळीकडे विचारला गेला, आणि तो रास्त होता. त्याचे उत्तर ब्रिटनच्या आरोग्य सुरक्षा यंत्रणेने त्याच नोव्हेंबरात प्रत्यक्ष रुग्ण मोजून दिले. लस घेतलेल्या मुलांमध्ये रुग्णालयात जाण्याची वेळ ७० ते ७५ टक्क्यांनी टळली, प्रौढांमध्ये ३० ते ४० टक्क्यांनी. प्रौढांचा आकडा ऐकून नाक मुरडणारे भेटतील. शंभर टक्क्यांची सवय आपल्याला जाहिरातींनी लावली आहे. पण फ्लूची लस कधीच तसा दावा करत नाही. विषाणू आणि लस यांचे चांगले जुळले त्या वर्षीही आजार टळण्याचे प्रमाण ४० ते ६० टक्के असते. न जुळलेल्या वर्षीसुद्धा रुग्णालयाकडे निघालेल्या दहा प्रौढांतले तिघे-चौघे घरीच राहत असतील, तर एका टोचणीकडून यापेक्षा अधिक काय हवे? मुंबईतल्या खासगी अतिदक्षता विभागात चार दिवस काढलेल्या कुटुंबाला ते विचारावे.

आता भीतीबद्दल. लस नको म्हणणाऱ्या प्रत्येकाला अडाणी ठरवण्याची एक तऱ्हा डॉक्टरांत आणि आमच्यासारख्या संपादकांतही रुळली आहे. ती सोडायला हवी, कारण नव्या फ्लूच्या लसीने खरोखर तोंडघशी पाडल्याचे उदाहरण इतिहासात आहे. १९७६च्या फेब्रुवारीत अमेरिकेतल्या फोर्ट डिक्स छावणीत डुकरांमधल्या फ्लूने एक सैनिक दगावला. १९१८ची फ्लूची महासाथ पुन्हा येणार या धास्तीने अध्यक्ष फोर्ड यांनी सगळ्या देशाला लस टोचायचा निर्णय केला. चार कोटींहून अधिक लोकांनी ती घेतली. साथ आलीच नाही; विषाणू छावणीबाहेर पडला नाही. लस घेतलेल्यांत मात्र गियां-बारे या मज्जातंतूंच्या आजाराचे, साधारण लाखात एक असे, जादा रुग्ण आढळले आणि डिसेंबरमध्ये मोहीम गुंडाळावी लागली. २००९च्या साथीत युरोपात वापरलेल्या पॅन्डेमरिक्स या लसीनंतर फिनलंड, स्वीडनमध्ये काही मुलांना नार्कोलेप्सी हा झोपेचा विकार जडला, हेही सिद्ध झालेले आहे. त्या लसीत परिणाम वाढवण्यासाठी घातलेले विशिष्ट सहायक द्रव्य आपल्याकडच्या फ्लूच्या लसींत नाही.

हे लपवून लसीचा प्रचार करता येणार नाही आणि करूही नये. पण १९७६चा हिशेब पुरता मांडला पाहिजे. तिथे पारड्यात एका बाजूला लाखात एक धोका होता आणि दुसऱ्या बाजूला न आलेली साथ. आपल्याकडे दुसऱ्या बाजूला दर दोन-तीन वर्षांनी शेकडो चिता आहेत. शिवाय गियां-बारे खुद्द फ्लू झाल्यानंतरही होतो, आणि लसीनंतर होण्यापेक्षा त्याची शक्यता अधिक असते. ‘लस घेतली आणि मलाच ताप आला’ ही तक्रार तर आणखी सोपी. टोचायच्या लसीतला विषाणू मारलेला असतो. त्याने फ्लू होऊ शकत नाही. दंड दुखतो, एखादा दिवस अंग कसकसते, इतकेच.

या सगळ्या चर्चेत सर्वाधिक धोका ज्यांना, त्या गर्भवती स्त्रियांचा आवाज कुठेच नसतो. निर्णय त्यांच्या वतीने दुसरेच घेतात. महापालिकेच्या कोणत्याही प्रसूतिगृहात सकाळच्या तपासणीच्या वेळी बाकावर बसून पाहावे. कार्ड हातात, शेजारी सासू किंवा आई. परिचारिका धनुर्वाताच्या इंजेक्शनसाठी बोलावते. बाई उठते, टोचून घेते, दंड चोळत परत येते. त्याबद्दल एक शब्द निघत नाही. तीच परिचारिका फ्लूच्या लसीचे नाव काढते आणि लगेच ऐकू येते, ‘नको गं बाई, पाचव्या महिन्यात नवीन काही नको. आम्ही काय घेतलं होतं?’ सासूबाईंना दोष देऊन भागणार नाही. धनुर्वाताची लस त्यांच्या बाळंतपणातही होती, म्हणून ती घरची झाली. फ्लूच्या लसीबद्दल त्यांच्याशी बसून कोणी बोललेलेच नाही. गरोदरपणात फुफ्फुसांवर आधीच ताण असतो, प्रतिकारशक्तीची घडी बदललेली असते. २००९पासूनच्या प्रत्येक साथीत तरुण गर्भवती दगावल्या आहेत. आणि सहा महिन्यांखालच्या बाळाला ही लस देताच येत नाही. त्याला संरक्षण मिळते ते आईने पोटात असताना दिलेलेच. एवढे दोन मुद्दे सांगायला पाच मिनिटे लागतात. फक्त एक दक्षता: नाकात फवारायच्या लसीत जिवंत, दुबळा केलेला विषाणू असतो, ती गर्भवतींना द्यायची नाही. त्यांना टोचायचीच.

साठी-पासष्टी ओलांडलेले, मधुमेह, दमा, हृदय किंवा मूत्रपिंडाचा आजार असलेले, पाच वर्षांखालची मुले आणि रुग्णालयात काम करणारे यांनीही फार विचार करत बसू नये. निरोगी तिशीतल्या माणसाने आपला निर्णय आपण करावा. घरात वरीलपैकी कोणी असेल तर तो सोपा होतो. मुलांच्या बाबतीत एक गोष्ट पालकांना हमखास ठाऊक नसते. नऊ वर्षांखालच्या मुलाला पहिल्यांदाच ही लस देत असाल तर चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोस लागतात. शाळा जूनच्या मध्यावर उघडतात. हिशेब ज्याचा त्याने करावा.

आणि फॅमिली डॉक्टरांनी ‘घ्यायची तर घ्या’ हे उत्तर देणे थांबवावे. सल्ला मागायला आलेल्या माणसाला त्याचाच प्रश्न परत देण्याची फी घेऊ नये. खासगीत हा डोस दीड-दोन हजारांना पडतो. एवढे पैसे मोजणाऱ्याला निदान तीन गोष्टी सांगाव्यात. खोक्यावर कोणत्या गोलार्धाची आणि कोणत्या हंगामाची लस आहे ते बघा, गेल्या हंगामाची गळ्यात मारून घेऊ नका. चार घटकांची की तीन घटकांची यावर डोके शिणवू नका. चौथा घटक ज्या बी-यामागाता वंशासाठी होता तो मार्च २०२०नंतर जगात खात्रीने आढळलेला नाही. आणि मेडिकलमधून लस घेऊन, प्लॅस्टिकच्या पिशवीत बर्फाचे दोन खडे टाकून, मेच्या उन्हात स्कूटरवरून दवाखान्यात आणू नका. तिला २ ते ८ अंश तापमान लागते. उन्हात तापली तर ती निकामी, आणि बर्फाला थेट चिकटून गोठली तरीही.

राहता राहिले सरकार. गर्भवती, मधुमेही आणि रक्तदाबाच्या रुग्णांना ही लस मोफत देण्याचे धोरण महाराष्ट्राने २०१५च्या साथीनंतर स्वीकारले. केंद्राच्या सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रमात ती नसताना राज्याने पुढाकार घेतला, याचे श्रेय द्यायलाच हवे. पण धोरण कागदावर असणे आणि कुपी शीतपेटीत असणे यांत अंतर आहे. साठा संपल्याच्या, खरेदी लांबल्याच्या, साथ ओसरल्यावर लस पोहोचल्याच्या बातम्या या राज्याने अनेक पावसाळ्यांत वाचल्या आहेत. महाराष्ट्रात वर्षाला १८ ते २० लाख बाळंतपणे होतात. मधुमेही आणि रक्तदाबाचे रुग्ण त्याच्या कित्येक पट. या संख्येच्या तुलनेत यंदा किती डोस मागवले, ते कोणत्या हंगामाचे आहेत, कोणत्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि कोणत्या महापालिका दवाखान्यात किती पोहोचले, याचा तक्ता आरोग्य खात्याने ३१ मेपूर्वी जाहीर करावा आणि दर आठवड्याला त्यात भर घालावी. पर्जन्यमानाचे आणि धरणांतल्या पाण्याचे आकडे हे राज्य रोज छापते. त्याच तक्त्यात आणखी एक रकाना द्यावा: सरकारी रुग्णालयांतल्या किती डॉक्टरांनी, परिचारिकांनी आणि वॉर्डबॉयनी यंदा स्वतः लस घेतली.