कमरेला काय आहे?

अंक उशिरा निघतोय. पैसे नव्हते, आता उसने मिळालेत, विषय संपला.

गेल्या महिन्यात गोदीत अमेरिकन रद्दीच्या गासड्या उतरवत होतो. तिकडे फेकलेली मासिकं, खोकी, वर्तमानपत्रं इथल्या कागद गिरण्यांना येतात. एक गासडी फुटली नि आतून पिस्तुलांचं मासिक निघालं. गुळगुळीत, रंगीत. सदऱ्यात घातलं. माझं मॅट्रिकचं इंग्रजी नि मोबाइलमधली डिक्शनरी, आठ दिवस लागले. त्यातला मोठा लेख एकाच गोष्टीवर होता. पिस्तूल अंगावर आहे हे कुणाच्या बापाला कळू नये, इतकं खोल लपवायचं तर होल्स्टर कुठलं घ्यावं.

म्हणाल, संपादकाला वेड लागलं. लागू द्या. परवा आपल्यातलीच दोन पोरं म्हणाली, "दादा, कविता बस झाल्या, आता घोडा पाहिजे." एकाने सदरा वर करून गावठी कट्टा दाखवलाही. नुसता पँटीत खोचलेला. म्हणून हे लिहितोय.

लेख लिहिणारा माणूस साला कारागीर आहे. तो सुरुवात पिस्तुलापासून करत नाही, पट्ट्यापासून करतो. पट्टा मऊ असला की वजनाने पँट लोंबते, मूठ बाहेर कलते, सदऱ्यावर फुगवटा उमटतो. या उमटण्याला तिकडे 'प्रिंटिंग' म्हणतात. आपण कविता छापतो, त्यांची कमर छापली जाते. लपायला कठीण असते ती नळी नव्हे, मूठ. म्हणून आखूड मुठीचं पिस्तूल. मग पँटीच्या आत बसणारं होल्स्टर. त्याची क्लिप नि पाकीट यांच्यात फट असते, तिथे सदरा खोचायचा. बाहेरून दिसली तर पट्ट्यावरची तेवढी क्लिप दिसते. ज्याला पट्टाच नको त्याने पोटाला रुंद इलॅस्टिकची पट्टी बांधायची. घोट्याला बांधायचं होल्स्टरही असतं, गाडीत बसणाऱ्याला बरं. पण धावताना जड, नि काढायला खाली वाकावं लागतं. पाठीच्या कण्यावर ठेवू नका, उताणे पडलात तर मणका जाईल. कातडं अंगाला मऊ लागतं, पण घामाने, वापराने ढिलं पडतं. मग पिस्तूल परत घालताना त्याची दुमडलेली कड ट्रिगरवर बसू शकते. म्हणून बरेच जण तापवून साच्यात बसवलेलं कडक प्लास्टिक घेतात, त्याला कायडेक्स म्हणतात. आणि जितकं खोल लपवाल तितका बाहेर काढायला उशीर. सदरा ओढा, मूठ चाचपा, मग उपसा. कुठलंही पाकीट घ्या, एक गोष्ट त्याने केलीच पाहिजे. ट्रिगर पुरता झाकला पाहिजे. कट्टेवाल्या दोस्ता, ऐकतोयस? तुझा ट्रिगर तुझ्याच जांघेत उघडा आहे.

वाचताना मला माझा आकडा आठवला. गोण्या ओढायचा, लोखंडी. घरी नेताना मी टोकाला सायकलच्या ट्यूबचा तुकडा चढवतो, मूठ वर, टोक मागे, वरून सदरा. हे कुणी शिकवलं नाही. एकदा मांडीत घुसला तेव्हा कळलं. लपवायला मात्र शिकलो एका स्टेशनावर. सदऱ्याखालून मूठ दिसली, हवालदाराने कॉलर धरली. कमरेला काय आहे? आकडा. कशाला? गोदीत कामाला आहे. नाव? सांगितलं. पूर्ण नाव? आडनाव सांगितलं नि कानफटात बसली. आडनावाआधी आकडा होता, आडनावानंतरही आकडाच होता.

मासिकात याचंही उत्तर आहे, कोपऱ्यातल्या चौकटीत. पोलिसाने गाडी अडवली तर घाबरू नका, शांतपणे सांगा की पिस्तूल अंगावर आहे, परवाना आहे.

फिलांडो कॅस्टील याने सांगितलं होतं. ६ जुलै २०१६, मिनेसोटा राज्य, फाल्कन हाइट्स. शाळेच्या स्वयंपाकघरात काम करणारा ३२ वर्षांचा काळा माणूस. पिस्तुलाचा परवाना होता. पोलिसाने गाडी अडवली, त्याने सभ्यपणे सांगितलं की माझ्याजवळ पिस्तूल आहे. काही सेकंदांत सात गोळ्या. गाडीत त्याची मैत्रीण नि तिची चार वर्षांची पोर. पिस्तूल चड्डीच्या खिशात होतं ते खिशातच राहिलं. जून २०१७ मध्ये पोलीस निर्दोष सुटला. आता त्या लेखकाला विचारा, कॅस्टीलने कुठलं होल्स्टर घ्यायला हवं होतं?

ही आजची गोष्ट नव्हे. १८५७ च्या ड्रेड स्कॉट निकालात सरन्यायाधीश टॅनीने काळ्यांना नागरिक मानायला नकार देताना एक भीती लिहून ठेवली : नागरिक झाले तर हे कुठेही हत्यार घेऊन फिरतील. १९५६ मध्ये माँटगमरीत मार्टिन ल्यूथर किंगच्या घरावर बाँब पडला. त्याने पिस्तुलाचा परवाना मागितला, नाकारला गेला. कॅलिफोर्नियात तेव्हा लपवून बाळगायला परवाना लागे, उघड्यावर भरलेली बंदूक चाले. ब्लॅक पँथर्सनी कायदा वाचला नि बंदुका उघड धरल्या. २ मे १९६७ ला ते सॅक्रामेंटोच्या विधिमंडळात तशाच शिरले. तीन महिन्यांच्या आत मलफर्ड कायदा झाला, गव्हर्नर रेगनची सही, उघडी भरलेली बंदूक बंद. १९७२ ला मुंबईत 'दलित पँथर' हे नाव आलं ते या माणसांवरून. आता तिकडे वारं उलटं आहे. २०२४ पर्यंत २९ राज्यांत लपवून बाळगायला परवानाही लागेनासा झाला. गोऱ्याच्या कमरेला ते स्वातंत्र्य, काळ्याच्या कमरेला पुरावा.

आपल्याकडे १८७८ च्या शस्त्र कायद्याने एतद्देशीयांना परवाना लावला नि गोऱ्यांना सूट दिली. आज १९५९ चा कायदा आहे. २०१६ च्या नियमांप्रमाणे परवानावाल्यानेही सार्वजनिक जागी पिस्तूल होल्स्टरमध्ये आणि झाकून न्यायचं. मात्र विनापरवाना सापडलास तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर कमीत कमी दोन वर्षं आत. तुझ्या आडनावाला 'कमीत कमी' मिळेल असं समजू नकोस.

दोस्ता, तू खैरलांजीचं नाव घेतलंस. २००६ चं ते मलाही झोपू देत नाही. पण तुला एक कागद माहीत नाही, तो मलाही दोन वर्षांपूर्वी माहीत नव्हता. अत्याचार प्रतिबंधक कायद्याचे १९९५ चे नियम, नियम ३. जिथे अत्याचाराची भीती आहे तिथे गरज वाटल्यास सरकारने दलित-आदिवासी नसलेल्यांचे शस्त्रपरवाने रद्द करावेत, त्यांची हत्यारं सरकारी शस्त्रागारात जमा करावीत, आणि दलित-आदिवासींना परवाने द्यावेत. छापलेलं आहे. 'गरज वाटल्यास' हे दोन शब्द सरकारच्या खिशात आहेत, ते आपण अर्ज करून करून बाहेर काढायचे. गावाकडे ज्यांचं भांडण पेटलंय त्यांनी आधी समोरच्याचा परवाना रद्द करायची मागणी लिहावी. मजकूर मी लिहून देतो, फुकट.

आणि तो कट्टा आधी कमरेतून काढ. कसा नि कुठे जमा करायचा ते आपल्या वकील मित्राला विचारू, मी सोबत येतो.

नियम ३ चं मराठी या अंकाच्या शेवटच्या पानावर आहे. मासिक कुणाला बघायचं असेल तर दुसरी पाळी सुटल्यावर गोदीच्या गेटबाहेर चहाच्या टपरीवर भेटा. पानं फाडू नका.