कॉलनीत राहते, असं मी सांगितलं

आवडीला खोली घेऊन तीन महिने झाले तरी आईला हे गावाचं नाव आहे हे पटलेलं नाही. तिला वाटतं, मी आवडीनं इथे राहतेय. चेन्नईच्या पश्चिमेला, लोकलच्या मार्गावरचं हे शहर. रणगाडे बनवणारी हेवी व्हेइकल्स फॅक्टरी इथली. माझं पीएचडीचं काम संरक्षण कारखान्यांतल्या कामगार कुटुंबांवर आहे, म्हणून हा मुक्काम.

एका निवृत्त फिटरच्या घरी गेले होते. त्यांच्या पत्नीला सगळे अम्मा म्हणतात, मीही म्हणते. प्रश्न मी विचारायचे, पण पहिला प्रश्न त्यांचाच आला: तुझं ऊर कुठलं? ऊर म्हणजे गाव. जळगाव जिल्हा, वरणगावच्या बाजूला, मी तोडक्यामोडक्या तमिळमध्ये सांगितलं. आमच्याकडेही अशीच फॅक्टरी आहे, तिथे गोळ्या बनतात, हेही सांगितलं. अम्मा खूश झाल्या. मग विचारलं, गावात घर कुठे?

"कॉलनीत."

अम्मा थांबल्या. चेहऱ्यावर राग नव्हता, काही नव्हतंच. "सरि, सरि" म्हणून त्यांनी विषय बदलला. दुसऱ्या कॉफीचा जो आग्रह चालला होता, तो पुन्हा झाला नाही.

रात्री तमिळ मैत्रिणीला फोन केला. ती आधी हसली, मग म्हणाली, "अगं, तू त्यांना जात सांगून आलीस."

तमिळनाडूत ऊर म्हणजे सवर्णांचं गाव, आणि त्याबाहेर दलितांची सेरी. पुढे सरकारनं आदिद्रविडांना घरं बांधून दिली, कागदावर त्यांना कॉलनी म्हटलं, आणि सेरीची कॉलनी झाली. चेन्नई शहरात चांगल्या बंगल्यांच्या वस्त्याही कॉलनी म्हणवतात, तिथे कुणाला काही वाटत नाही. पण गावाविषयी बोलताना, पुढे-मागे नाव न लावता नुसतं 'कॉलनी' म्हटलं की अर्थ एकच. 'कॉलनीचा पोरगा' ही शिवी आहे.

आता खरं सांगते. आमचं घर कॉलनीत नाही. भीमनगरात आहे. फॅक्टरीची कॉलनी जवळ होती, म्हणून अकरावीपासून मी पत्ता विचारला की 'कॉलनीत राहते' म्हणू लागले. मराठीत कॉलनी म्हणजे शिक्षक कॉलनी, प्रोफेसर कॉलनी. कंपाउंड, गेटवर नावाची पाटी, दारात तुळस. पुण्याला एमए करताना हॉस्टेलवर दोन वर्षं मी हेच सांगितलं. तुमच्यापैकी किती जणांनी असं केलं असेल, मला अंदाज आहे. कॉलनी ही माझी झाकली मूठ होती. बाराशे किलोमीटरवर येऊन तोच शब्द उच्चारला आणि ती उघडी पडली. खोटं बोलले आणि खरं सांगून बसले.

29 एप्रिल 2025 रोजी मुख्यमंत्री स्टॅलिन यांनी विधानसभेत जाहीर केलं की 'कॉलनी' हा शब्द सरकारी नोंदींतून आणि वापरातून काढला जाईल. महाराष्ट्रानं डिसेंबर 2020 मध्ये महारवाडा, मांगवाडा, ढोरवस्ती अशी नावं काढून समता नगर, भीम नगर, ज्योतीनगर अशी नावं द्यायचं ठरवलं. यादीत ब्राह्मणवाडाही होता. त्या नावामुळे कुणाला भाड्यानं खोली नाकारल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. 'नाव बदलून काय होतं' असं म्हणणारे बहुतेक असेच असतात, ज्यांना रेशन कार्डावर 'मांगवाडा' लिहून घेऊन रांगेत उभं राहावं लागलेलं नाही. नाव बदललं पाहिजेच.

पण सेरीचं काय झालं ते बघा. कॉलनी हाच मुळात स्वच्छ, सरकारी, इंग्रजी शब्द होता. तो सेरीला लावला आणि सेरीसारखा झाला. आपल्या 'वाडा'चंही तेच. शनिवारवाड्यातला वाडा आणि महारवाड्यातला वाडा एकच. शब्दकोशात बघून हा फरक कळणार नाही. तिथे कोण राहतं हे माहीत असावं लागतं. उद्या समता नगर म्हटल्यावर बँकेतला क्लार्क मान वर करून बघणार असेल, तर शब्द बदलला, घरं जिथे होती तिथेच राहिली.

याच राज्यात 1997 साली करुणानिधींनी समत्तुवपुरम योजना काढली. नावाचा अर्थ समतापूर. शंभर घरांची वस्ती, त्यातली चाळीस दलितांना, बाकीची इतर जातींना, सगळी एकमेकांत मिसळून. तिथे भेदभाव संपला असा माझा दावा नाही. पण समता हा शब्द पाटीवर लिहिण्याआधी घरांची वाटणी केली होती, एवढं तरी खरं.

दुसरी गोष्ट, शब्द कोण ठरवतं. रेट्टैमलै श्रीनिवासन यांनी 1893 साली आपल्या पत्राचं नावच 'परैयन' ठेवलं. ज्या शब्दानं हिणवलं जाई, तोच मथळ्यावर. इतरांना ते पसंत नव्हतं. 1922 मध्ये एम. सी. राजा यांच्या ठरावावरून मद्रास सरकारनं 'परैया', 'पंचम' यांच्या जागी 'आदिद्रविड' स्वीकारलं. वाद होता, पण तो आपल्याच माणसांमधला होता. आमचं भीमनगरही कुठल्या जीआरनं दिलेलं नाही. आजोबा आणि त्यांच्या सोबत्यांनी वर्गणी काढून पाटी रंगवली होती. तीच मी अकरावीपासून लपवत आले, याचं उत्तर मला अजून नीट देता येत नाही.

पुढच्या आठवड्यात अम्मांकडे परत गेले. मुलाखत अर्धी राहिली होती. या वेळी मी पत्ता नीट सांगितला: भीमनगर. भीम म्हणजे आंबेडकर, हेही.

"अंबेडकर नगर," अम्मा म्हणाल्या. "म्हणजे कॉलनीच की."

आतून मुलाचा आवाज आला, "अम्मा, तो शब्द आता वापरायचा नाही, सरकारनं बंद केलाय."

"मग त्यांना काय म्हणायचं?"

मुलगा काही बोलला नाही. मी वही उघडली आणि माझा पुढचा प्रश्न विचारला.