थोरल्याचा मान की कामाचा माणूस?



इंग्लंडात मृत्युपत्र करताना मी एक्झिक्युटर म्हणून पुण्यातल्या थोरल्या भावाचं नाव लिहिलं. बायकोनं विचारलं, "वीस वर्षं घरचा हिशेब मी ठेवते, मग मी का नाही?" मी निरुत्तर झालो.

समतेवर भाषणं ठोकणारे आपण इथं मात्र भाऊ, मुलगा, पुतण्याच शोधतो! हा मान नव्हे, काम आहे: देणी फेडायची, वारसा-कर लागू असेल तर मृत्यूचा महिना संपल्यावर सहा महिन्यांत भरायचा, चुकलं तर भरपाई स्वतःच्या खिशातून.

इथल्या कायद्यानं वारसही एक्झिक्युटर होऊ शकतो. साक्षीदार मात्र वारस नसावा, त्याचा वाटा जातो.

दोघींना विचारून मी नावं बदलली: बायको, तिच्यानंतर मुलगी. तुमच्या मृत्युपत्रात कुणाचं नाव आहे?