आधी तिथी, मग रविवार

पेठहून अलिबागची सहल ठरवताना आपण आधी रविवार शोधतो. माझ्या मते आधी तिथी पाहावी. आपल्या डिंभे धरणाच्या पाण्याला भरती-ओहोटी जाणवत नाही. अलिबागच्या कुलाबा किल्ल्याकडे मात्र ओहोटीला चालत जातात, भरतीला होडी लागते.

कोकणात तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात. द्वादशीला बाराची पाऊणपट नऊ. म्हणून भरती सुमारे ९ वाजता, ओहोटी ३ वाजता. कारण चंद्र रोज सुमारे ५० मिनिटे, म्हणजे जवळजवळ पाऊण तास, उशिरा माथ्यावर येतो. पौर्णिमा-अमावास्येच्या सुमारास उधाण असते. नवख्यांनी तेव्हा होडी टाळावी.

हिशेब स्वतः करा, भरतीच्या छापील कोष्टकाशी ताडा, पण शेवटचा शब्द नाखव्याचा माना. समुद्र शाळेची सुट्टी पाहत नाही.