तरुणांच्या नावाने तरुणांवरच घाला

सरकारी तिजोरीचा विषय निघाला की अलीकडे एक युक्तिवाद हटकून पुढे केला जातो. निवृत्तिवेतन, वार्धक्यभत्ता आणि वृद्धांचे औषधपाणी यांवर होणारा खर्च म्हणजे उद्याच्या पिढीच्या तोंडचा घास आहे. तो आवरा, म्हणजे तरुणांना शाळा आणि नोकऱ्या मिळतील. न्यायाच्या भाषेत मांडलेला हा युक्तिवाद अर्ज करून थकलेल्या सुशिक्षित बेकाराला पटण्यासारखा आहे. म्हणूनच त्याची शहानिशा करणे अगत्याचे आहे.

१ जानेवारी २००४ पासून केंद्र सरकारच्या सेवेत दाखल होणाऱ्यांचे हमीचे निवृत्तिवेतन बंद करण्यात आले. त्यातून फक्त सैन्यदले वगळण्यात आली. पगारातून १० टक्के कापायचे, सरकारने आपला वाटा घालायचा आणि म्हातारपणी हाती काय पडेल ते बाजाराने ठरवायचे, अशी ही नवी व्यवस्था! महाराष्ट्र सरकारने १ नोव्हेंबर २००५ पासून तिचा कित्ता गिरवला. यात कोणाचे गेले? त्या वेळी निवृत्त असलेल्यांचे निवृत्तिवेतन कायम राहिले. गमावले ते नुकत्याच रुजू होणाऱ्या विशी-पंचविशीतल्या मुलामुलींनी. २००४ साली वगळलेल्या सैन्यदलांची पाळी २०२२ साली ‘अग्निपथ’ योजनेने आली. चार वर्षांनंतर फार तर चौथा हिस्सा जवान कायम होणार. उरलेल्यांना एकरकमी निधी मिळेल, निवृत्तिवेतन नाही. येथेही घाव बसला तो तरुणावरच. भावी पिढीच्या कळवळ्याने केलेली प्रत्येक कपात त्या पिढीच्याच माथी मारली गेली आहे.

निवृत्तिवेतन ही मेहेरबानी नव्हे, तो केलेल्या सेवेतून मिळवलेला हक्क आहे, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने १९८२ साली नकारा खटल्यात दिला होता. शिवाय ते बंद केल्याने म्हातारपण काही बंद होत नाही. बापाला निवृत्तिवेतन नसले की त्याच्या दम्याच्या औषधाचा आणि आईच्या मोतीबिंदूचा खर्च मुलाच्या पगारातून निघतो. त्यासाठी नातवाची फी तुंबते. तिजोरीत ‘वाचलेला’ पैसा तरुणाच्या खिशात पडत नाही. तो तरुणाच्याच खिशातून काढलेला असतो.

ज्यांचे ‘लाड’ होत असल्याचे सांगितले जाते, त्या वृद्धांपैकी बहुसंख्य शेतमजूर, बांधकाम मजूर आणि मोलकरणी आहेत. केंद्राची वृद्धापकाळ निवृत्तिवेतन योजना १९९५ साली दरमहा ७५ रुपयांनी सुरू झाली. २००७ साली तिला इंदिरा गांधींचे नाव देण्यात आले, तेव्हा ही रक्कम २०० रुपये होती. त्यानंतर दीड तप उलटून गेले, महागाई कोठल्या कोठे गेली. पण ऐंशी वर्षांच्या आतील दरिद्री वृद्धासाठी केंद्राचा वाटा २०० रुपयांवरच अडकून राहिला.

बालकांच्या वाट्याला तरी काय आले? शिक्षणावर राष्ट्रीय उत्पन्नाच्या ६ टक्के खर्च व्हावा, असे कोठारी आयोगाने १९६६ साली सांगितले. २०२० च्या शैक्षणिक धोरणाने तेच उद्दिष्ट पुन्हा लिहून काढले. ते आजवर गाठलेले नाही. अंगणवाडी सेविकेचे केंद्रीय मानधन २०१८ साली ४,५०० रुपये झाले आणि पुढे कित्येक वर्षे तेथेच थबकले. आजीला २०० रुपये देणारे सरकारच नातवाच्या पोषणातही हात आखडता घेते.

मग पैसा जातो कोठे? सप्टेंबर २०१९ मध्ये देशी कंपन्यांवरील प्राप्तिकराचा मूळ दर ३० वरून २२ टक्क्यांवर आणण्यात आला. वर्षाला १ लाख ४५ हजार कोटी रुपयांचे उत्पन्न बुडेल, असा अंदाज खुद्द सरकारनेच दिला होता. तेव्हा भावी पिढीवरील कर्जाच्या बोज्याची आठवण कोणालाही झाली नाही! एका पिढीकडून दुसरीकडे जाणाऱ्या संपत्तीवर १९५३ साली बसवलेला वारसा-मालमत्तेवरील कर, इस्टेट ड्यूटी, १९८५ साली रद्द झाला. संपत्ती-कर २०१५ साली गेला. वसुली थोडी आणि खटाटोप फार, हे कारण दोन्ही वेळा देण्यात आले. कायद्यातील पळवाटा बुजवण्याऐवजी कायदाच पुरून टाकण्यात आला. अब्जाधीशाचा वारस जन्मतःच कारखान्यांचा मालक होतो आणि मजुराच्या मुलाला वारशात सावकाराचे देणे मिळते. पिढ्यांमधील अन्यायाचे खरे मूळ येथे आहे, आणि तो दोन वर्गांमधील अन्याय आहे.

तथापि आपल्या चळवळीनेही स्वतःकडे निरखून पाहिले पाहिजे. मार्च २०२३ मध्ये महाराष्ट्रातील लाखो सरकारी कर्मचारी जुन्या निवृत्तिवेतनासाठी संपावर गेले. देशभरच्या अशा लढ्यांमुळेच केंद्राला १ एप्रिल २०२५ पासून, २५ वर्षांच्या सेवेनंतर सरासरी मूळ वेतनाच्या निम्म्या निवृत्तिवेतनाची हमी देणारी योजना आणावी लागली. पगारातील १० टक्के कपात मात्र चालूच राहिली. हा विजय अपुरा असला तरी लढून मिळवलेला आहे. पण संपाच्या दिवसांत रस्त्यावरचा बेकार तरुण आणि असंघटित मजूर आपल्या बाजूने उभा होता काय? ‘यांना पगारही हवा आणि पेन्शनही हवी’ हे त्याचे उद्गार आपण ऐकले आहेत. ते शत्रूचे म्हणून झटकून टाकणे आत्मघाताचे ठरेल. २०० रुपयांच्या वृद्धासाठी आपण तितक्याच जिद्दीने संप केला नाही, हे त्याला दिसते.

१९८० साली केरळातील नायनार मंत्रिमंडळाने शेतमजुरांना निवृत्तिवेतन सुरू केले. निवृत्तिवेतन ही कचेरीत बसणाऱ्यांचीच मिरासदारी नाही, हे त्या निर्णयाने दाखवून दिले. तोच धागा आज देशव्यापी लढ्यात पुढे नेला पाहिजे. प्रत्येक श्रमिकाला जगण्यापुरते निवृत्तिवेतन, प्रत्येक बालकाला शाळा व सकस आहार, रिक्त सरकारी जागांवर कायम भरती, आणि त्यासाठी मोठ्या संपत्तीवर व वारशावर कर, या मागण्या एकाच निवेदनात, एकाच मोर्चात आल्या पाहिजेत. कर्मचारी संघटना, शेतमजूर युनियन, अंगणवाडी सेविका आणि युवक-विद्यार्थी संघटना यांनी त्या एकत्र मांडल्या, तर आजोबा आणि नातू यांच्यात लावून दिलेले हे भांडण एक दिवसही टिकणार नाही.