जाळी बदलण्याआधी

मे महिना आला की जुन्या जीपवाल्यांचे प्रश्न फिरून फिरून एकाच ठिकाणी येतात. गाडी घाटात गरम होते, तर रेडिएटर कुठला घेऊ? पितळी की ॲल्युमिनियमचा, नळ्यांच्या तीन ओळींचा की चार? या सदराच्या वाचकांकडून या आठवड्यातही असेच फोन आले. काहींनी नवा रेडिएटर आधीच घेतला होता आणि काटा तरीही लालात जात होता. म्हणून आज सविस्तर लिहितो. मीही याच वाटेने गेलो आहे आणि त्यात दोन वर्षं आणि बरेच पैसे घातले आहेत.

माझी गाडी १९८९ची महिंद्रा एमएम ५४०. हिचं डिझेल इंजिन फ्रेंच. महिंद्राने १९७९ मध्ये प्यूजोकडून एक्सडीपी ४.९० इंजिनाचा परवाना घेतला आणि इगतपुरीत ही इंजिनं बनू लागली. चार सिलिंडर आणि ९० मिलिमीटरचा बोअर, म्हणून ४.९०. एकूण २११२ सीसी. सकाळी हीटर मारून चालू करावं लागतं ते हेच. यात डिझेल आधी हेडमधल्या एका छोट्या कोठडीत पेटतं आणि तिथून अरुंद तोंडातून सिलिंडरमध्ये उसळतं. त्या वाटेवर बरीच उष्णता धातूला लागते आणि धातूतून पाण्यात उतरते. नंतर आलेल्या डीआय इंजिनांत डिझेल थेट पिस्टनच्या वाटीत फवारलं जातं, त्यामुळे तेवढ्याच कामाला पाणी कमी तापतं. म्हणजे एक्सडीपीवाल्या जीपच्या रेडिएटरला मुळातच काम जास्त, आणि जागा मात्र दोन मडगार्डांच्या मधली, चिंचोळी. रुंदी वाढवता येत नाही, म्हणून जो तो जाडी वाढवायला धावतो. मीही धावलो.

सुरुवात वरंधा घाटात झाली. महाडकडून भोरकडे चढत होतो, दुपारचे दोन, चौघं जण आणि सामान. वाघजाईच्या देवळाजवळ पोचेपर्यंत बॉनेटच्या फटीतून वाफ यायला लागली. वरच्या टाकीच्या सांध्यातून पाणी ठिबकत होतं. तिथल्या भज्यांच्या टपरीवरच्या मावशींनी दोन कळशा पाणी दिलं आणि डब्यातली मूठभर हळद कागदावर काढून दिली. "टाका, बसंल तिथं," म्हणाल्या. इंजिन निवल्यावर टाकली. खरंच बसली. हळद पाण्यात फुगते, पाण्याबरोबर गळतीपाशी जाते आणि तिथे लिंपण धरते. भोर गाठलं, पुणंही गाठलं. मावशींचे उपकार आहेत. पण हळदीला गळतीची फट आणि रेडिएटरची नळी यांतला फरक कळत नाही. घरी पोचल्यावर आठवड्याच्या आत सगळं पाणी काढून रेडिएटर धुऊन घ्यायला हवा होता. मी घेतला नाही. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत गाडी सपाटीवरही तापायला लागली आणि मी ठरवलं, रेडिएटर संपला.

दुकानात गेलो. समोर चकचकीत ॲल्युमिनियमचा, प्लास्टिकच्या टाक्यांचा, चांगला जाड रेडिएटर ठेवला गेला. "डोळे झाकून बसवा," असं सांगितलं. बसवला. आंबेनळी घाटात, पोलादपूरकडून महाबळेश्वर चढताना, काटा पुन्हा लालात.

आता समजतं की तेव्हा मी एक साधा प्रश्न विचारायला हवा होता: गाडी नेमकी कधी तापते? हायवेला ताशी सत्तर-ऐंशीने पळताना तापत असेल, तर समोरून वारा भरपूर येतोय आणि तरी पाणी गार होत नाहीये. मग जाळी आतून चोंदली असेल, तिच्या पत्र्या सुटल्या असतील, नाहीतर पाण्याचा पंप दमला असेल. पण गाडी चढावर, पहिल्या-दुसऱ्या गिअरला किंवा फोर व्हील लोमध्येच तापत असेल, तर आधी वाऱ्याकडे बघायचं. लोमध्ये इंजिन जोरात फिरतं आणि गाडी माणसाच्या चालीने जाते. समोरून येणारा वारा जवळजवळ नाहीच. जे काही ओढायचं ते पंख्याने ओढायचं.

हे मला साताऱ्यातल्या एका म्हाताऱ्या रेडिएटरवाल्याने दाखवलं, तेही एका वर्तमानपत्राच्या पानाने. गाडी चालू ठेवायला सांगितली, पान ग्रिलसमोर धरलं आणि सोडलं. पंखा नीट ओढत असेल तर कागद जाळीला चिकटून राहतो. आमचा कागद पायाशी पडला.

"पाव्हणं, जाळी नवी हाय, पर वारंच येत न्हाई," ते म्हणाले. "पानी गार करतंय ते वारं. जाळी नुसती धरून बसतीया."

बॉनेटखाली हात घालून त्यांनी दाखवलं. पंख्याभोवतीचा पत्र्याचा घेर, ज्याला श्राउड म्हणतात, तो गाडीत नव्हताच. कधीतरी इंजिनाचं काम करताना कुणी काढला आणि परत लावला नाही. श्राउड नसला की पंखा आपल्या कडेची, आधीच तापलेली हवा फिरवत बसतो आणि जाळीचे चारही कोपरे कोरडे राहतात. थर्मोस्टॅटही नव्हता. गाडी तापते म्हणून थर्मोस्टॅट काढून टाकायची आपल्याकडे फार जुनी खोड आहे. त्याने थंडीत डिझेल इंजिन धड तापत नाही, झिजतं. शिवाय काही इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना बायपासची वाट बंद करतो. तो काढला की थोडं गरम पाणी रेडिएटरला वळसा घालून तसंच इंजिनात परत जातं. म्हणजे गार व्हावी म्हणून काढलेल्या वस्तूनेच गाडी तापते.

झाकणाची गोष्टही अशीच. नव्या रेडिएटरवर कसलंही झाकण येतं आणि कुणी बघत नाही. पाण्यावर ७ पीएसआयचा दाब असेल तर ते समुद्रसपाटीला साधारण १११ अंशांना उकळतं, १३चा असेल तर ११९च्या आसपास. आणि झाकणाची रबरी चकती कडक होऊन दाब धरेनाशी झाली, तर महाबळेश्वरच्या उंचीवर ते ९५-९६ अंशांनाच उकळणार. तेव्हा आधी झाकण बदलावं. मात्र तीस वर्षं जुन्या, डाख लावलेल्या टाकीवर १३चं झाकण ठोकू नये. सांधे सुटतात. मूळ गाडीला जेवढ्याचं होतं तेवढ्याचंच घ्यावं.

ओळींबद्दल माझं मत आता पक्कं आहे. पहिल्या ओळीवरून गेलेला वारा गरम होऊन दुसरीवर येतो, दुसरीवरून अजून गरम होऊन तिसरीवर. चौथीच्या वाट्याला जो वारा येतो तो फारसं काही करत नाही, उलट जाड जाळीतून वारा ओढायला पंख्याला जास्त जोर लागतो. हळू चालणाऱ्या, पट्ट्यावरच्या पंख्याच्या जीपला नीट बनवलेली तीन ओळींची जाळी आणि पुरा श्राउड मला चार ओळींपेक्षा कधीही बरा वाटतो. पत्र्याही फार दाट नकोत. इंचाला दहा-बाराच्या आसपास ठेवल्या तर चिखल आणि गवताचं कुसळ मागून पाणी मारून निघतं. सोळा-अठराच्या दाट जाळीत ते कायमचं बसतं.

पितळी की ॲल्युमिनियमचा, हा वाद मात्र नुसता उष्णतेचा नाही. उष्णतेपुरतं बोलायचं तर तांबं ॲल्युमिनियमपेक्षा सरस आहे. पण पितळी रेडिएटरमध्ये पत्री तेवढी तांब्याची, नळी पितळेची आणि दोघांत कथील-शिशाचा डाख. पितळ आणि डाख, दोन्ही तांब्याच्या मानाने मंद. ॲल्युमिनियममध्ये नळी आणि पत्री भट्टीत एकजीव केलेल्या असतात आणि नळ्या रुंद ठेवता येतात, त्यामुळे चांगल्या कारखान्याची दोन ओळींची जाळी चार पितळी ओळींच्या तोडीला येते. वजनही कमी. ज्यांच्या जीपमध्ये टर्बो बसवलाय, जे मुख्यतः हायवेला पळतात, दर दोन वर्षांनी कूलंट बदलतात आणि साधं पाणी कधीच ओतत नाहीत, त्यांनी खुशाल ॲल्युमिनियमचा घ्यावा. फक्त टाक्याही वेल्डिंग केलेल्या ॲल्युमिनियमच्या असाव्यात, दाबून बसवलेल्या प्लास्टिकच्या नकोत. आणि आधी इंजिनातला गंज धुऊन काढावा. बोअरवेलचं क्षाराचं पाणी पितळाला मंद मारतं, ॲल्युमिनियमला भोकं पाडतं.

पण जुनी जीप माणूस कशासाठी ठेवतो? जिथे दुसरी गाडी जात नाही तिथे जायला. आणि तिथेच ती मोडते. माझा नवा रेडिएटर सह्याद्रीच्या कुशीतल्या एका ओढ्यात गेला. पाणी गुडघ्याच्या वर होतं. पंखा पाण्यात फिरला की पाणी मागे लोटताना त्याची पाती पुढे वाकतात. नव्या जाडीमुळे पंखा आणि जाळी यांत अर्धा इंचही उरला नव्हता. पात्याने चार नळ्या कापल्या. ओढ्याआधी पट्टा सैल करायला किंवा ग्रिलवर ताडपत्री बांधायला हवी होती, आणि जाळीपासून पंखा किमान इंचभर लांब हवा होता. पण चूक झाल्यानंतरचं खरं दुखणं वेगळं होतं. जवळच्या गावात गॅरेज होतं, वेल्डिंगवाला होता, तांब्यापितळेची भांडी झाळणारा एक जण होता. ॲल्युमिनियमला हात लावणारा कुणी नव्हता. आर्गन वेल्डिंग साठ किलोमीटरवर. गाडी ओढून न्यावी लागली. पितळी जाळी असती तर कापलेल्या नळ्या दोन्ही टोकांना चिमटून, डाख लावून बंद केल्या असत्या आणि संध्याकाळी घरी गेलो असतो. चार नळ्या कमी झाल्याने रेडिएटर मरत नाही.

म्हणून मी आता ओळी आणि धातू यांच्या आधी विचारतो: ही गाडी जिथे अडकेल तिथे हा रेडिएटर कोण दुरुस्त करील? महाराष्ट्राच्या डोंगराळ तालुक्यांत या प्रश्नाचं उत्तर अजून तरी पितळाच्या बाजूने येतं. वडापच्या जीपवाल्यांनी हे ज्ञान वर्षानुवर्षं सांभाळलं आहे.

तेव्हा जुना रेडिएटर बदलू नका, त्याची जाळी बदला. वरची-खालची टाकी आपली मूळ ठेवायची आणि मधे नवा कोअर टाकून घ्यायचा. होजची तोंडं, पायांची भोकं, उंची, सगळं जुळलेलंच असतं. टाकी शाबूत आहे का, आणि मूळ कोअर खरंच गेलाय का, तेवढं बघायचं. बोटाने दाबल्यावर पत्र्या राखेसारख्या झडल्या तर तो गेला, गळत नसला तरी. दुकानदार जुना रेडिएटर भंगारात किलोवर मागतो, कारण तांब्याला भाव आहे. देऊ नका. खालच्या होजमध्ये स्प्रिंग आहे ना, तेही बघा. नसेल तर पंपाच्या ओढीने होज चपटा होतो आणि सगळी मेहनत वाया. आणि पायाखालचे रबर नवे घाला. खडकावर चासी पिळते, रबर नसेल तर तो पीळ थेट टाकीच्या सांध्यावर येतो.

माझा जुना रेडिएटर सुदैवाने घराच्या मागे पडून होता. साताऱ्याला त्याच म्हाताऱ्या रेडिएटरवाल्या बाबांकडे घेऊन गेलो. बाबांनी ब्लोलॅम्पने वरच्या टाकीचा डाख वितळवला, टाकी हलकेच वर उचलली आणि मला जवळ बोलावलं. नळ्यांची तोंडं पिवळट-तपकिरी चिखलाने भरली होती. वाघजाईची हळद, गंज आणि क्षार. लोखंडाची पातळ पट्टी एकेका नळीत घालून त्यांनी बघितलं. निम्म्या नळ्यांतून ती आरपार गेलीच नाही. तीन ओळींचा नवा तांब्यापितळेचा कोअर टाकायचं ठरलं. दोन दिवसांनी त्यांनी तोंडं बंद करून, हवा भरून तो पाण्याच्या हौदात बुडवला आणि आम्ही दोघं बुडबुड्यांची वाट बघत उभे राहिलो. एका कोपऱ्यात एक बारीक साखळी वर आली. तिथे पुन्हा डाख. पुन्हा हौद. मग पाणी शांत. शेजारच्या पत्रेवाल्याने श्राउड करून दिला, पंखा अर्धा आत, अर्धा बाहेर राहील असा.

गाडीत बसवण्याआधी बाबांनी टाकी उलटी केली आणि मागच्या बाजूला खिळ्याने तारीख कोरली. त्यांच्या अक्षरांच्या वर, काजळीखाली, आधीची एक तारीख होती. १९९४, दुसऱ्याच कुणाच्या हातची. त्यांनी ती अंगठ्याने पुसून मला दाखवली आणि रेडिएटर माझ्या हातात दिला.