फणसाचं टेबल आणि माझी घाई

बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होतो, शेवटी या वीकेंडला मुहूर्त लागला.

मे २०२१ च्या तौक्ते वादळात रत्नागिरीच्या घरामागचा, आजोबांनी लावलेला फणस आडवा झाला. बाबा म्हणाले, "जळाऊ म्हणून देऊन टाकू." मी हटून बसलो. खोडातून ३ इंच जाड, अडीच फूट रुंद असे दोन फळे चिरून आणले. बागेत ऐसपैस, राकट टेबल करायचं होतं.

सुतारकाका म्हणाले, "अरे, ओलं लाकूड आहे. इंचाला एक वर्ष धर." म्हणजे ३ वर्षं? आमच्याकडे ३ महिन्यांत अख्खं प्रॉडक्ट बाहेर पडतं! दिवाळीतच मी एक फळा लोखंडी फ्रेमवर १६ स्क्रूंनी आवळून टाकला. एप्रिलमध्ये तो मधोमध फाटला. आजोबांचा अर्धा फणस न्हाणीच्या चुलीत गेला. दोष लाकडाचा नव्हता. सुकताना लाकूड रुंदीत आकसतं, लांबीत जवळजवळ नाहीच. मी त्याला हलायला जागाच ठेवली नव्हती.

दुसरा फळा मात्र पडवीत सावलीला ठेवला. खाली पट्ट्या, दोन्ही टोकांना रंग. कारण ओल टोकांकडून भराभर उडते आणि भेगा तिथूनच सुरू होतात. २०२४ मध्ये काकांनी रंधा मारला. सालीकडची वेडीवाकडी कड तशीच ठेवली. एक भेग होती, तिच्यावर डमरूच्या आकाराचे दोन सागवानी तुकडे ठोकले. भेग न लपवता अशी बांधून ठेवायची रीत जॉर्ज नाकाशिमा या जपानी वंशाच्या अमेरिकन कारागिराने गाजवली. पाय जांभ्याच्या चिऱ्यांचे, म्हणजे लाकूड मातीला टेकत नाही आणि वाळवी चढलीच तर दिसते. खालच्या पट्ट्यांमधली स्क्रूची भोकं मुद्दाम लांबट.

हल्ली भेगेत निळं इपॉक्सी ओततात. फोटोत झकास दिसतं, पण बाहेरच्या उन्हात पुष्कळदा पिवळं पडतं. माझ्या मते राकट टेबलाचं निम्मं डिझाइन म्हणजे कुठे हात लावायचा नाही, हे ठरवणं. उरलेलं निम्मं म्हणजे वाट बघणं.

पावसाळ्यात टेबल ताडपत्रीखाली असलं तरी थोडं फुगतंच, मे महिन्यात परत आकसतं. फुगू दे! बाबांचा सकाळचा चहा आता तिथेच होतो. जळाऊ लाकडाचा विषय परत निघालेला नाही :-)